हरताळाची काच आणि आपली जर्नल्स

'नियमांना हरताळ फासला' अशी बातमी वर्तमानपत्रात महिन्यातून दोन-चारदा तरी वाचायला मिळतेच. हा हरताळ म्हणजे संपातला हरताळ नव्हे बरं का! हा हरताळ म्हणजे एक पिवळंधमक खनिज. पूर्वी पोथ्या हाताने लिहीत. लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप फासायचा आणि तो वाळला की वर नवीन अक्षर लिहायचं. थोडक्यात, सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलभर या रूममधून त्या रूममध्ये फिरणाऱ्या व्हाइटनरचा हा पणजोबा. फासला की खालचं सगळं गायब. म्हणून 'हरताळ फासणे'.

रसायनशास्त्राच्या भाषेत हरताळ म्हणजे आर्सेनिक ट्रायसल्फाइड. निसर्गात तो स्फटिकरूपात सापडतो. पण हाच हरताळ बंद नळीत साधारण ३१० अंश सेल्सिअसच्या वर वितळवला आणि थंड केला, तर तो पुन्हा स्फटिक व्हायचं नाव घेत नाही. त्याची लालसर पारदर्शक काच बनते. (आर्सेनिक आहे, विषारी आहे. रूमवरच्या कॉइलवर असले उद्योग कुणी करू नयेत. मेसचं जेवण पुरेसं आहे.) या काचेतून इन्फ्रारेड किरण आरपार जातात, हे रुडॉल्फ फ्रेरिक्स यांनी १९५० मध्ये दाखवलं. रात्रीच्या अंधारात माणसाच्या अंगाची उष्णता टिपणारे जे थर्मल कॅमेरे असतात, त्यातल्या अनेकांची भिंगं याच कुळातल्या काचांची असतात.

या कुळाला म्हणतात चाल्कोजेनाइड. म्हणजे सल्फर, सेलेनियम किंवा टेल्युरियम यांची आर्सेनिक, जर्मेनियम, अँटिमनी वगैरेंबरोबर झालेली संयुगं. नाव अवघड आहे, पण या मंडळींशी आपला संबंध रोजचा होता आणि आहे. तो कसा, ते पुढे सांगतोच. आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त वाद घालायचा आहे त्यांचा वेळ वाचेल.

माझं म्हणणं असं आहे की, चाल्कोजेनाइड काचांच्या अभ्यासातून इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने एकच गोष्ट शिकावी: जिथे मोजलं नाही तिथली रेघ ही रेघच असते, रीडिंग नसतं. आणि आपण आपल्या प्रॅक्टिकलमध्ये नेमकं याच्या उलटं शिकतो आहोत. आता हे मुळापासून बघू.

पाक आणि काच

काच म्हणजे काय? ज्या द्रवाला स्फटिक व्हायला सवड मिळाली नाही, तो गोठलेला द्रव म्हणजे काच. हे समजायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, आईच्या स्वयंपाकघरात गेलात तरी पुरे. साखर एकच. पण संक्रांतीचा हलवा आणि चिक्की या दोन टोकाच्या गोष्टी. हलव्याला काटा यायला हवा असेल तर मंद शेगडीवर परात ठेवून, खसखशीवर किंवा तिळावर एकेक चमचा पाक सोडत तासन् तास हलवत बसावं लागतं. खसखशीचा दाणा म्हणजे बीज. त्यावर साखरेचे स्फटिक हळूहळू वाढतात. घाई केली, आच वाढवली की काटा गेलाच! चिक्कीचं उलटं. पाक कडक करायचा, ओट्यावर ओतायचा, लाटायचा, झटपट गार होऊ द्यायचा. साखरेच्या रेणूंना रांगेत उभं राहायला वेळच द्यायचा नाही. झाली काच. आणि पाक 'साखरू' नये म्हणून आई जे लिंबू पिळते, तेही उगाच नाही. आम्लामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो. हे परके रेणू रांगेत घुसतात आणि स्फटिकाची शिस्त मोडतात.

स्फटिक वाढायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ओढ आणि दुसरी म्हणजे हालचाल. वितळबिंदूवर ओढ शून्य असते, कारण द्रव राहिलं काय आणि स्फटिक झालं काय, ऊर्जेच्या हिशेबात सारखंच. तापमान खाली आणलं की ओढ वाढते. पण त्याचवेळी द्रव घट्ट होत जातो, म्हणजे त्याची व्हिस्कॉसिटी (पाठ्यपुस्तकातली श्यानता) वाढते आणि रेणूंना हलताच येत नाही. वर हालचाल भरपूर पण ओढ नाही, खाली ओढ भरपूर पण हालचाल नाही. त्यामुळे वाढीचा वेग मध्येच कुठेतरी सर्वांत जास्त असतो.

मेकॅनिकल आणि मेटलर्जीच्या मंडळींना हे चित्र ओळखीचं वाटेल. हे तर आपलं टीटीटी डायग्रामचं नाक! स्टीलसाठी डेव्हनपोर्ट आणि बेन यांनी ते १९३० मध्ये मांडलं आणि तेव्हापासून ते परीक्षेत हमखास आठ मार्कांना येतं. काचेसाठी हाच हिशेब डोनाल्ड उलमन यांनी १९७२ मध्ये केला. नाक चुकवून जितक्या वेगाने थंड करावं लागतं तो त्या पदार्थाचा किमान कूलिंग रेट. हरताळासाठी तो इतका कमी आहे की निवांत गार केलं तरी काच होते. स्टीलवर आपण अख्खं युनिट शिकतो आणि काच अर्ध्या पानात आटोपते, ही तक्रार पुन्हा कधीतरी.

पंधरा शून्यांची गोष्ट

आता व्हिस्कॉसिटी किती बदलते ते बघा. पाण्याची व्हिस्कॉसिटी साधारण एक सहस्रांश पास्कल-सेकंद. एरंडेल तेलाची एकच्या आसपास. आणि द्रवाची काच झाली असं आपण जिथे म्हणतो तिथे व्हिस्कॉसिटी असते १० चा १२ वा घात, म्हणजे एकावर बारा शून्यं! पाण्यापासून इथपर्यंत पंधरा शून्यांचा प्रवास. तोही काही पदार्थांत दोनेकशे अंशांच्या आत उरकतो. सेलेनियम २२१ अंशांना वितळतं आणि त्याची काच बनण्याचं तापमान आहे चाळीस अंशांच्या आसपास. म्हणजे चंद्रपूरच्या मे महिन्यात सेलेनियमची काच सावलीत ठेवली तरी नरम पडायला लागेल.

हा प्रवास कागदावर काढायचा तर कसा काढायचा? आपण शिकलेलो असतो अऱ्हेनियस. एकीकडे लॉग, दुसरीकडे तापमानाचा व्यस्तांक, मध्ये पट्टी ठेवून सरळ रेघ. वितळलेल्या वाळूच्या म्हणजे सिलिकाच्या बाबतीत ती रेघ खरोखर जवळजवळ सरळ येते. पण बहुतेक द्रव असे गुणी नसतात. त्यांची रेघ वाकते. वर तापमान असताना मजेत वाहणारा द्रव काच बनण्याच्या जवळ आला की एकाएकी घट्ट होतो. ऑस्टेन अँजेल यांनी पहिल्या प्रकाराला 'स्ट्राँग' आणि दुसऱ्याला 'फ्रॅजाइल' अशी नावं दिली. इथे फ्रॅजाइल म्हणजे हातातून पडून फुटणारं असं नव्हे, तर तापमान जरा बदललं की ज्याची आतली रचना कोलमडते असं. या वाकड्या रेघेसाठी व्होगेल (१९२१), फुल्चर (१९२५) आणि टामान-हेस (१९२६) यांनी स्वतंत्रपणे एकच समीकरण दिलं. ते आजही वापरतात. पण तेही मोजलेल्या बिंदूंच्या मधून जाणारी एक रेघच आहे, हे विसरता कामा नये.

चाल्कोजेनाइडची गंमत अशी की, यात दोन्ही स्वभाव सापडतात. जर्मेनियम-सेलेनियमच्या काही जाळीदार काचा स्ट्राँगकडे झुकतात. निव्वळ सेलेनियम, ज्यात नुसत्या लांब साखळ्या असतात, बरंच फ्रॅजाइल. आणि प्रमाण बदलून स्वभाव बदलता येतो. निसर्गाने दिलेली ही चांगली नॉब आहे.

झेरॉक्स आणि सीडी

आता रोजच्या संबंधाकडे येऊ. झेरॉक्सच्या दुकानाशिवाय एकही सेमिस्टर निघत नाही, हे मान्य आहे ना? चेस्टर कार्लसन नावाचा माणूस न्यूयॉर्कमध्ये पेटंटच्या कामात होता. कागदपत्रांच्या नकला करून करून वैतागला आणि २२ ऑक्टोबर १९३८ रोजी ॲस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्याने पहिली कोरडी नक्कल काढली. त्यासाठी जस्ताच्या पत्र्यावर लेप दिला होता तो गंधकाचा, म्हणजे सल्फरचा. पुढे गंधकाच्या जागी सेलेनियमची काच आली आणि १९५९ मध्ये 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र बाजारात आलं. आत फिरणाऱ्या ड्रमवर सेलेनियमचा काचेसारखा थर. अंधारात तो विजेचा भार धरून ठेवतो, प्रकाश पडला की सोडतो. हा थर गरम होऊन जिथे स्फटिक झाला तिथे तो अंधारातही भार सोडणार आणि नक्कल बिघडणार. मग उपाय काय? सेलेनियममध्ये थोडं आर्सेनिक. लांब साखळ्यांना आर्सेनिक आडवे टाके घालतं, द्रव घट्ट होतो, स्फटिक लांबतो. आईच्या पाकातलं लिंबू आणि ड्रममधलं आर्सेनिक, दोघांची वाट वेगळी पण काम एकच. आजच्या झेरॉक्स यंत्रांत बहुतेक ठिकाणी सेंद्रिय पदार्थांचे ड्रम असतात, पण सेलेनियम निवृत्त झालेलं नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी जी डिजिटल मॅमोग्राफीची यंत्रं असतात, त्यातल्या काहींचा एक्स-रे टिपणारा थर आजही सेलेनियमच्या काचेचा असतो, त्यात अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी आर्सेनिक घातलेलं. हे उदाहरण लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

दुसरं उदाहरण पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-डीव्हीडीचं. लॅपटॉपमधून आता ड्राइव्हच गेले, त्यामुळे ज्युनिअर्सना ही पुराणकथा वाटेल. पण त्या चकतीवर जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियम किंवा तत्सम मिश्रणाचा थर असायचा. लेसरने ठिपका वितळवून झटकन गार केला की काच, म्हणजे एक. जरा कमी तापवून ठेवला की स्फटिक, म्हणजे शून्य. विजेच्या झटक्याने असं काही होऊ शकतं हे स्टॅनफर्ड ओवशिन्स्की यांनी १९६८ मध्ये मांडलं. या गृहस्थांकडे कॉलेजची डिग्रीच नव्हती! (व्हायवात हे उत्तर देऊ नये.) त्याच तत्त्वावरच्या २५६ बिटांच्या मेमरीचा लेख १९७० मध्ये आला, त्याच्या तीन लेखकांपैकी एक होते गॉर्डन मूर, 'मूर्स लॉ'वाले.

या मेमरीची अट मोठी विचित्र आहे. खोलीच्या तापमानाला ठिपका दहा वर्षं काचच राहिला पाहिजे. आणि लेसर पडला की काही दहा नॅनोसेकंदांत स्फटिक झाला पाहिजे. दहा वर्षं म्हणजे सुमारे तीस कोटी सेकंद. दोन्हींचं गुणोत्तर काढा: एकावर सोळा शून्यं! हे जमतं कशामुळे? तर त्या वाकड्या रेघेमुळे. वर द्रव पातळ, खाली एकदम घट्ट. सरळ रेघेच्या स्वभावाचा द्रव इथे कामाचा नाही.

मधली मोकळी जागा

पण खरी अडचण आता येते. ज्या तापमानाला स्फटिक सर्वांत वेगाने वाढतो, तिथली व्हिस्कॉसिटी मोजणार कशी? मोजायला बसलात की तुमच्या डोळ्यांदेखत नमुना स्फटिक होऊन जातो. वर वितळलेल्या द्रवाची व्हिस्कॉसिटी मोजता येते. खाली काच बनण्याच्या जवळ मोजता येते. मध्ये मोठी मोकळी जागा. आणि आपल्याला हवं ते नेमकं त्या मोकळ्या जागेत!

मग लोकांनी काय केलं? एक, वरचे आणि खालचे बिंदू समीकरणाने जोडले. दोन, 'स्फटिकवाढीचा वेग व्हिस्कॉसिटीच्या व्यस्त प्रमाणात असतो' हे स्टोक्स-आइन्स्टाइनवरून गृहीत धरलं. म्हणजे व्हिस्कॉसिटी दहापट झाली की वेग एक दशांश. दिसायला अगदी रास्त वाटतं. पण प्रत्यक्ष मोजल्यावर काय दिसलं? चेक प्रजासत्ताकातल्या पार्दुबिचे विद्यापीठात यिर्झी मालेक आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. चाल्कोजेनाइड काच घ्यायची, तिच्यावर वजनाखाली गोळी दाबून ती किती रुतते त्यावरून व्हिस्कॉसिटी काढायची. त्याच काचेत वाढणारा स्फटिक मायक्रोस्कोपखाली पाहून त्याचा वेगही मोजायचा. आणि मग दोन्ही शेजारी ठेवायचे. अशा मोजणीत पुन्हा पुन्हा दिसतं की, द्रव फार घट्ट झाल्यावर दोघांची जोडी तुटते. व्हिस्कॉसिटी जितकी चढते तितका वेग उतरत नाही. एडिगर, हॅरोवेल आणि यू यांनी २००८ मध्ये अनेक द्रवांच्या मोजण्या एकत्र करून दाखवलं की वेग हा व्हिस्कॉसिटीच्या एकपेक्षा लहान घाताच्या व्यस्त प्रमाणात जातो, आणि द्रव जितका फ्रॅजाइल तितका हा घात लहान.

कारण समजायला दादर स्टेशनचा संध्याकाळचा पूल डोळ्यांसमोर आणा. गर्दी एकसंध म्हणून इंचभर पुढे सरकत नाही. तरी एखादा माणूस जागच्या जागी वळतो, बॅग पाठीवरून पोटावर घेतो, शेजारच्याशी जागा बदलतो. अख्ख्या गर्दीचं वाहणं म्हणजे व्हिस्कॉसिटी. स्फटिकाला मात्र पुरते ते एकेका माणसाचं वळणं. पुलावर कुठे गच्च तर कुठे थोडी सैल गर्दी असते, तसंच घट्ट द्रवातही असतं.

'असेल एखादा लहान घात, काय फरक पडतो?' असं कुणी म्हणेल. चला, हिशेब करू. समजा व्हिस्कॉसिटी १० च्या ४ थ्या घातापासून १२ व्या घातापर्यंत गेली. आठ शून्यं. घात एक धरला तर वेगही आठ शून्यांनी कमी होईल. घात ०.८ असेल तर ६.४ शून्यांनीच. फरक १.६ शून्यांचा, म्हणजे सुमारे चाळीस पट. कागदावर जी काच दहा वर्षं टिकेल असं निघालं, ती प्रत्यक्षात तीन महिन्यांत गेली. हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला गुणाकार खरा आहे.

मधली मोकळी जागा भरायलाही कुणीतरी शेवटी मोजावंच लागलं. २०१२ मध्ये ओरावा, ग्रीअर आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला ४०,००० अंशांपर्यंतच्या वेगाने तापवणारं कॅलरीमीटर वापरून जर्मेनियम-अँटिमनी-टेल्युरियमच्या द्रवाचा अभ्यास केला. स्फटिकाला सावरायला वेळ मिळायच्या आत ते त्याच्यापर्यंत पोचले. निष्कर्ष: द्रव खूप फ्रॅजाइल, आणि स्फटिकवाढीचा सर्वांत जास्त वेग सेकंदाला सुमारे तीन मीटर. म्हणजे आपण पळतो त्या वेगाने स्फटिक धावतो!

आणि न मोजता बोललं की काय होतं, त्याचं उदाहरण तर शाळेपासून आपल्या डोक्यात आहे. 'काच हा द्रव आहे, म्हणून जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खालून जाड झाल्या आहेत.' किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. ब्राझीलच्या एडगर झानोटो यांनी १९९८ मध्ये हिशेब मांडून दाखवलं की हे घडायला विश्वाचं वयही अपुरं पडेल. पुढे मध्ययुगीन काचेच्या घटकांप्रमाणे काच बनवून तिची व्हिस्कॉसिटी मोजली गेली, तेव्हा निघालं की एक अब्ज वर्षांत ती फार तर एखादा नॅनोमीटर वाहील. खिडकीची काच खालून जाड असते ती मुळात असमान बनवली म्हणून. तरी ही कथा पिढ्यान् पिढ्या चालली, कारण सांगायला सोपी आणि तपासायला कंटाळवाणी.

आता आपल्याकडे वळू

आपल्या लॅबमधलं रेडवूड व्हिस्कोमीटर सगळ्यांना आठवत असेल. तेल तापवा, ५० मिलिलिटर खाली पडायला किती सेकंद लागले ते बघा, पाच तापमानांना पाच रीडिंग्ज, मग ग्राफ. यात मूळ प्रयोग उत्तमच आहे. प्रश्न रीडिंगचा आहे. इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये सर्रास काय चालतं ते सांगायला मी कुठल्या चौकशी समितीची वाट बघणार नाही. दोन रीडिंग्ज घ्यायची, बाकीची तीन रेघेवर बसतील अशी 'आणायची'. नाहीतर सरळ सिनिअरचं जर्नल. ग्राफ इतका देखणा येतो की तेलालाही लाज वाटावी. त्यावर सही होते आणि सगळे सुटतात.

यावर माझा आक्षेप नैतिकतेचा नाही. उपदेश करायला बरेच लोक आहेत. माझा आक्षेप तांत्रिक आहे. सरळ आलेल्या ग्राफमधून आपण हे शिकतो की निसर्ग सरळ असतो, आणि रीडिंग बसलं नाही तर रीडिंगच चुकलेलं असतं. काचेची सगळी कहाणी याच्या उलट आहे. रेघ वाकली, तेव्हा फ्रॅजिलिटी सापडली. जोडी तुटली, तेव्हा घट्ट द्रवाच्या आत काय चालतं ते दिसलं. न बसणाऱ्या रीडिंगवर हरताळ फासला असता, तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

आता ते मॅमोग्राफीचं उदाहरण. सेलेनियमचा थर असलेल्या यंत्राची खोली थंड ठेवावी लागते. आता अशी कल्पना करा की, यंत्र विदर्भातल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावी बसवलं आहे. मे महिना. बाहेर पंचेचाळीस अंश. वीज गेली, एसी बंद, जनरेटरचं डिझेल संपलं. खोलीचं तापमान चढायला लागलं. किती तास चालेल? थर कधी बिघडायला लागेल? हा प्रश्न कुठल्यातरी परदेशी, बावीस अंशांच्या एसी लॅबमधल्या ग्राफची रेघ लांबवून सोडवायचा नसतो. तिथे बसलेल्या इंजिनिअरने मोजलेला आकडा लागतो. तो इंजिनिअर तुमच्या-आमच्यापैकीच कुणीतरी असणार. आणि त्या यंत्रापुढे उभी असलेली बाई कुणाची तरी आई असणार. तिच्या फिल्मवरचा ठिपका गाठीचा की स्फटिकाचा, हे तिला कसं कळणार?

'पण हे सगळं प्लेसमेंटला कामाचं आहे का?' हा प्रश्न येणारच. रास्त आहे. कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या ॲप्टिट्यूड घेतात आणि कोडिंग विचारतात, सेलेनियम विचारत नाहीत. कर्ज काढून शिकणाऱ्याला 'ज्ञानासाठी ज्ञान' हे ऐकवण्यात अर्थ नाही. पण आकडे तपासायची सवय ही विषय बदलला तरी बरोबर येते. आज काचेची रचना सांगितली की व्हिस्कॉसिटी सांगणारी मशीन लर्निंगची मॉडेल्स निघाली आहेत, आणि ती चांगली आहेत. ती शिकली कशावर? पन्नास-साठ वर्षं लोकांनी मोजून छापलेल्या आकड्यांवर. त्या आकड्यांत कुणी 'आणलेली' रीडिंग्ज घातली, तर मॉडेलही तेच शिकणार आणि आत्मविश्वासाने सांगणार. कोडिंगवाल्यांनाच याची काळजी जास्त हवी.

दुसरा आक्षेप आपल्या स्टाफकडून येईल, आणि तोही खोटा नाही. एका बॅचला वीस मुलं, हातात दोन तास, एक व्हिस्कोमीटर आणि एकच लॅब असिस्टंट. काचेचं मोजमाप तर स्वभावतःच संथ. काच बनण्याच्या तापमानाला द्रवाला सावरायला शंभरेक सेकंद लागतात, त्याखाली दहा-पंधरा अंश गेलं की तास, आणखी खाली दिवस. तेवढं थांबलं नाही तर जे रीडिंग मिळतं ते त्या नमुन्याच्या पूर्वेतिहासाचं असतं, पदार्थाचं नव्हे. दोन तासांच्या स्लॉटमध्ये हे बसत नाही. मान्य. म्हणून माझी मागणी सिलॅबस बदलण्याची नाही. ते आपल्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात आहे ते हे मासिक वाचत नाहीत. माझ्या मागण्या तीनच आणि स्वस्तातल्या आहेत.

एक. दर सेमिस्टरला एक तरी प्रॅक्टिकल असं असावं ज्याचं उत्तर कुणाच्याच जर्नलमध्ये नाही. सेलेनियम नको, आर्सेनिक तर नकोच नको. साखर आहे की! पाक करायचा, लिंबाचं प्रमाण बदलत जायचं, वडी पाडायची. बेअरिंगमधली गोळी, तिच्यावर वजन, डायल गेज, थर्मोकपल आणि घड्याळ. गोळी किती रुतली यावरून व्हिस्कॉसिटी. त्याच पाकातला स्फटिक किती वाढला ते आपल्या मेटलर्जीच्या मायक्रोस्कोपखाली. पावसाळ्यात उघडी राहिलेली चिक्की का चिकटते तेही यात कळेल, कारण हवेतलं पाणी आत शिरलं की काच बनण्याचं तापमान खाली येतं. लिंबू किती घातलं की वेग किती उतरतो, याचं उत्तर सिनिअरकडे नाही, सरांकडेही नाही.

दोन. रीडिंगचं मूळ पान पेनाने लिहिलेलं असावं, तारीख, वेळ आणि खोलीचं तापमान घालून. चुकलं तर एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे खालचं वाचता येईल. व्हाइटनर बंद. आणि व्हायवात एक प्रश्न सक्तीचा करावा: 'तुझं कुठलं रीडिंग बसलं नाही आणि का?' ज्याची सगळी बसली त्याला उलट जास्त प्रश्न विचारावेत. वाकड्या ग्राफचे मार्क कापले जाणार नाहीत एवढी हमी मिळाली, तर निम्मी 'आणलेली' रीडिंग्ज आपोआप बंद होतील. मुलं हौस म्हणून खोटं लिहीत नाहीत, मार्कांसाठी लिहितात.

तीन. महिन्यातून एक शनिवार लॅब रात्रभर उघडी ठेवावी. हॉस्टेलची मुलं तशीही जागीच असतात. दोघादोघांनी पाळी लावून दर तासाला रीडिंग घ्यायला काय हरकत आहे? चहाचा थर्मास आमचा. लॅब असिस्टंट काकांना रात्रभर बसवायचं नाही, एखाद्या रिसर्च स्कॉलर दादाने किंवा ताईने जबाबदारी घेतली तरी पुरे.

यातून नवी काच सापडेल, पेपर छापून येईल असा माझा दावा नाही. एवढंच होईल की, चार वर्षांत एकदा तरी आपण अशी संख्या लिहू, जी आपल्याआधी कुणी लिहिलेली नव्हती आणि जिची जबाबदारी आपल्यावरच आहे. मग पुढे कधी, कुठल्या कंपनीत किंवा कुठल्या इस्पितळात कुणी विचारलं, 'हे दहा वर्षं टिकेल ना?' तर रेघ लांबवण्याआधी आपला हात थोडा तरी अडखळेल.

बघा पटतंय का. साखर आणि लिंबं आम्ही मेसमधून आणतो. डायल गेज मात्र डिपार्टमेंटने द्यावा.